आजारी माणसाला घरी थांबता यावं म्हणून

२००९ च्या ऑगस्ट महिन्यात पुण्यातल्या डॉ. नायडू सांसर्गिक रोग रुग्णालयाबाहेर लागलेली रांग ज्यांनी पाहिली, ते ती सहजी विसरणार नाहीत. पावसाचे दिवस, पायाखाली चिखल आणि सकाळपासून ताटकळलेली माणसं. कुणी तोंडाला हिरवा मास्क लावलेला, कुणी ओढणी गुंडाळलेली, कुणी रुमालावर निलगिरीचे थेंब टाकून तो नाकाशी धरलेला. ३ ऑगस्टला शहरातल्या एका चौदा वर्षांच्या शाळकरी मुलीचा स्वाइन फ्लूनं मृत्यू झाला होता. या साथीतला तो देशातला पहिला बळी. त्यानंतर घरात कुणाचं अंग जरा गरम लागलं, तरी माणसं त्याला घेऊन नायडूची वाट धरत होती. तपासणीची सोय सुरुवातीला मोजक्याच सरकारी ठिकाणी होती आणि घशातले नमुने राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत जात होते, त्यामुळे रांग हटायचं नाव घेत नव्हती.

त्या रांगेत साधं पावसाळी पडसं झालेली माणसं होती आणि खरोखर फ्लू झालेलीही होती. दोघं तासन्‌तास एकमेकांना खेटून उभे होते. घरी पडून राहिला असता तर चार दिवसांत बरा झाला असता असा माणूस तिथं जाऊन नवा आजार घेऊन परतण्याची शक्यता होती, आणि ज्याला खरोखर श्वास लागला होता त्याचा नंबर त्याच गर्दीमुळे लांबत होता. पुढं सरकारनं रुग्णांची तीन गटांत विभागणी केली, शहरभर तपासणी केंद्रं उघडली, खासगी रुग्णालयांना सामील करून घेतलं, तेव्हा कुठं हा ताण सैल झाला.

फ्लूच्या साथीत सामान्य माणसाला दोन निर्णय घ्यावे लागतात: घरी कधी थांबायचं आणि दवाखाना कधी गाठायचा. दुसरा निर्णय माहितीनं घेता येतो. पहिला मात्र नुसत्या माहितीनं जमत नाही. घरी थांबणं परवडावं लागतं, आणि ते परवडणारं करणं हे आजाऱ्याच्या एकट्याच्या हातात नसतं. या लेखात मला मुख्यतः हेच सांगायचं आहे. पण त्याआधी हा आजार नेमका चालतो कसा, ते पाहायला हवं.

इन्फ्ल्युएन्झाचा विषाणू सर्दीच्या विषाणूंहून वेगळा. त्याची जनुकीय सामग्री आठ सुट्या तुकड्यांत असते आणि पृष्ठभागावर दोन प्रकारची प्रथिनं असतात. एकाच्या साहाय्यानं तो आपल्या पेशीला चिकटतो, दुसऱ्याच्या साहाय्यानं तयार झालेले नवे विषाणू पेशीतून सुटून बाहेर पडतात. ‘एच१एन१’, ‘एच३एन२’ ही नावं या दोन प्रथिनांच्या प्रकारांवरून पडलेली. स्वतःची नक्कल करताना हा विषाणू सतत बारीकसारीक चुका करतो, त्यामुळे दरवर्षी त्याचं रूप थोडं बदलतं. गेल्या वर्षी फ्लू होऊन गेला तरी यंदा पुन्हा होतो तो यामुळे. नेहमीचा हंगामी फ्लूही किरकोळ नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार त्याच्याशी निगडित श्वसनविकारांनी जगात दरवर्षी २,९०,००० ते ६,५०,००० माणसं दगावतात.

महासाथ येते ती वेगळ्या वाटेनं. डुकराच्या किंवा अन्य प्राण्याच्या शरीरात दोन जातींचे फ्लू विषाणू एकाच वेळी शिरले, तर त्या आठ तुकड्यांची अदलाबदल होऊ शकते. त्यातून जो नवा विषाणू जन्मतो त्याची ओळख बहुतेक माणसांच्या शरीराला नसते. २००९ चा विषाणू असाच डुकरांमधल्या विषाणूंच्या सरमिसळीतून आला. एप्रिलमध्ये मेक्सिको आणि अमेरिकेत तो लक्षात आला, मे महिन्यात विमानानं भारतात पोचला आणि ११ जूनला जागतिक आरोग्य संघटनेनं महासाथ जाहीर केली. ऑगस्ट २०१० मध्ये ती संपल्याचंही जाहीर झालं, पण विषाणू कुठं गेला नाही. तो हंगामी फ्लू होऊन आपल्यातच राहिला. २०१५ साली त्यानं भारतात पुन्हा उचल खाल्ली आणि तीन हजारांच्या आसपास माणसं दगावली.

या विषाणूची खरी अडचण त्याच्या वेळापत्रकात आहे. संसर्ग झाल्यावर साधारण दोन दिवसांत ताप येतो, आणि ताप येण्याच्या एक दिवस आधीपासूनच माणूस दुसऱ्यांना विषाणू देऊ लागतो. पुढचे पाच ते सात दिवस हे चालू राहतं. लहान मुलांत आणि प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्यांत आणखी जास्त. पहिले तीन-चार दिवस सर्वांत धोक्याचे. म्हणजे कणकण वाटतेय, अंग मोडून आलंय, पण ‘एवढ्याला काय घरी बसायचं’ म्हणून माणूस कामावर जातो, नेमके तेच दिवस साथ पसरवणारे असतात. क्रोसिनची गोळी घेऊन ताप उतरला की बरं वाटतं, विषाणू मात्र तेवढाच बाहेर पडत असतो.

आपल्याकडं फ्लूनं सर्वांत भयंकर रूप दाखवलं ते १९१८ साली. १० जूनला मुंबईत पोलिसांच्या सात शिपायांना ताप येऊन इस्पितळात दाखल करावं लागलं. त्यांतला एक गोदीवर पहाऱ्याला होता. पहिलं महायुद्ध अजून चालू होतं, सैनिकांची जहाजं बंदरात ये-जा करत होती. गोदीतून गिरण्यांत, कचेऱ्यांत, टपाल खात्यात आणि मग रेल्वेच्या रुळांवरून आजार देशभर गेला. ही पहिली लाट तुलनेनं सौम्य होती आणि जुलैत ओसरलीही. लोकांना वाटलं, गेलं संकट. सप्टेंबरात दुसरी लाट आली. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी मुंबई शहरात ७६८ मृत्यूंची नोंद झाली. खेड्यांतून ‘मानमोडी’ म्हणून हा आजार पुढं कित्येक वर्षं म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या बोलण्यात राहिला. देशात किती माणसं गेली याचे अंदाज सव्वा कोटीपासून पावणेदोन कोटींपर्यंत आणि त्याही वर जातात. १९११ ते १९२१ हे भारताच्या जनगणनेच्या इतिहासातलं लोकसंख्या घटलेलं एकमेव दशक, आणि आजच्या महाराष्ट्राच्या भूभागात ही घट जवळपास तीन टक्के होती.

मुंबईतल्या मृत्यूंची त्या वेळी जातधर्मवार नोंद झाली. ती वाचताना अजूनही अंगावर काटा येतो. दर हजारी युरोपियनांमध्ये ८.३ माणसं दगावली, पारशांमध्ये ९. आणि नोंदीत ‘खालच्या जाती’ म्हणून मांडलेल्या हिंदूंमध्ये ६१.६. एकच शहर, तीच हवा, तोच विषाणू आणि फरक सात पटींहून अधिक. विषाणूला जात कळत नाही. कळत होती ती राहत्या खोलीची लांबी-रुंदी, पोटातल्या अन्नाचा तुटवडा आणि उशाशी पाणी द्यायला कुणी आहे की नाही, ही गोष्ट. त्या वर्षी पावसानं दगा दिला होता आणि धान्याचे भाव चढले होते. चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत सहा-आठ माणसं राहत, एक आजारी पडला की सगळे पडत, आणि मग चूल पेटवायलाही कुणी उभं राहू शकत नसे. एरवी फ्लू म्हाताऱ्यांना आणि तान्ह्यांना गाठतो. १९१८ मध्ये वीस ते चाळीस वयाची कमावती माणसं मोठ्या संख्येनं गेली, त्यातही बायका अधिक. आजाऱ्याची सेवा करणारी ती, आणि सगळ्यांचं उरलंसुरलं खाणारीही तीच.

त्या काळी अँटिबायोटिक नव्हतं, फ्लूची लस नव्हती, विषाणू म्हणजे काय हेही नीट ठाऊक नव्हतं. बहुतेक मृत्यू फ्लूच्या पाठोपाठ आलेल्या जिवाणूंच्या न्यूमोनियानं झाले, असं पुढच्या संशोधनातून दिसलं. अशा परिस्थितीत ज्यांना अंथरूण, मोकळी हवा, पाणी, पातळ अन्न आणि जागता माणूस मिळाला, त्यांची तगण्याची शक्यता वाढली. मुंबईत हे काम बऱ्याच अंशी लोकांनीच अंगावर घेतलं. नारायण मल्हार जोशी यांच्या सोशल सर्व्हिस लीगसारख्या संस्थांचे स्वयंसेवक औषध आणि दूध घेऊन चाळींतून फिरले, जाती-जमातींच्या मंडळांनी तात्पुरती इस्पितळं काढली. सरकारी यंत्रणा तोकडी पडली तिथं ही माणसं उभी राहिली. पण या मदतीचाही एक दोष होता: ज्या समाजाकडं पैसा होता त्याला ती आधी मिळाली. ६१.६ हा आकडा त्या दोषाचाही हिशेब आहे.

त्याच साथीतली आणखी एक गोष्ट वेळेचं महत्त्व सांगते. अमेरिकेत फिलाडेल्फियानं २८ सप्टेंबर १९१८ ला युद्धकर्जाची मिरवणूक काढली, दोन लाखांच्या आसपास माणसं रस्त्यावर जमली, आणि काही दिवसांत शहरातली इस्पितळं भरून गेली. सेंट लुईसनं मात्र रुग्ण दिसू लागताच शाळा, नाटकगृहं, प्रार्थनास्थळं बंद केली. मृत्यूंचं शिखर तिथं फिलाडेल्फियाच्या सुमारे एक अष्टमांशच राहिलं. बंदी किती कडक, यापेक्षा ती किती लवकर, याला जास्त मोल होतं. २००९ मध्ये मुंबईत काही मोठ्या आयोजकांनी दहीहंडी रद्द केली, पुण्या-मुंबईत शाळा आठवडाभर आणि चित्रपटगृहं तीन दिवस बंद राहिली, तेव्हा पुष्कळांनी नाकं मुरडली. मला तो निर्णय योग्य वाटला होता आणि आजही वाटतो. साथीचा वेग चार दिवस मंदावला, तरी तेवढ्या वेळात रुग्णालयाला खाटा रिकाम्या करता येतात.

आता घरातलं. साथीच्या काळात घरात ताप आला, तर आजाऱ्यासाठी खिडकी असलेली खोली मोकळी करावी. एकच खोली असेल तर खिडकीजवळचा कोपरा त्याला द्यावा आणि त्याचं डोकं इतरांच्या पायांकडं येईल असं अंथरूण घालावं. खिडकी उघडी ठेवावी. वारं लागेल म्हणून सगळं बंद करून घ्यायची आपली जुनी सवय इथं घातक ठरते. खोकल्यातून, बोलण्यातून, नुसत्या श्वासातूनही बाहेर पडणारे बारीक थेंब बंद खोलीत साचून राहतात आणि खेळत्या हवेत पांगतात. पांघरूण हवं तर दोन द्या, हवा कोंडू नका. आजाऱ्यानं आणि त्याच्याजवळ जाणाऱ्यानं, दोघांनीही मास्क लावावा. साधा सर्जिकल मास्क मुख्यतः आजाऱ्याचे थेंब अडवतो. एन-९५ नीट बसलेला असेल, तर लावणाऱ्याचंही चांगलं रक्षण करतो. नाक उघडं ठेवून हनुवटीवर ओढलेल्या मास्कचा उपयोग कुणालाच नाही.

सेवा घरातल्या एकाच माणसानं करावी आणि तो माणूस शक्यतो धडधाकट असावा. आपल्या घरांतून हे काम न विचारता आई, सून किंवा लेक यांच्यावर येतं. ती गरोदर असेल, तिला दमा किंवा मधुमेह असेल, तर ते काम घरातल्या पुरुषानं करायला हवं, यात चर्चेला जागा नाही. २००९ च्या साथीत गरोदर स्त्रियांचे हाल जगभर झाले. गर्भारपणात फुफ्फुसांवर आधीच भार असतो, त्यात हा आजार लवकर गंभीर होतो. पाच वर्षांखालची मुलं, त्यातही दोन वर्षांच्या आतली, पासष्टीपुढची माणसं, हृदयाचा, मूत्रपिंडाचा, फुफ्फुसाचा जुना विकार असलेले, अतिस्थूल माणसं आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणारे, हे सगळे याच जोखमीच्या यादीत येतात.

आजाऱ्याच्या उशाशी पाण्याचा तांब्या, ओआरएस, थर्मामीटर आणि एक वही ठेवावी. वहीत दर सहा तासांनी ताप, काय प्यायलं, लघवी किती वेळा झाली आणि एका मिनिटात श्वास किती, हे लिहावं. ऑक्सिमीटर घरात असेल तर त्याचा आकडाही टिपावा. कोविडनंतर तो पुष्कळ घरांत कपाटात पडून आहे; त्याचे सेल तेवढे तपासून ठेवा. तांदळाची पेज, मुगाचं कढण, ताक, नारळपाणी, जे जाईल ते थोडं थोडं द्यावं. तापाला पॅरासिटामॉल डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत. मुलांना आणि किशोरवयीनांना ॲस्पिरिन चुकूनही देऊ नये. फ्लूमध्ये त्यामुळे यकृताला आणि मेंदूला इजा करणारा दुर्मीळ पण जीवघेणा विकार होऊ शकतो. अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही. मेडिकलवाल्याकडून ‘पाच दिवसांचा कोर्स’ परस्पर आणणं थांबवायला हवं.

२००९ मध्ये केंद्र सरकारनं ठरवलेली तीन गटांची विभागणी सोपी होती आणि ती आजही ध्यानात ठेवण्याजोगी आहे. सौम्य ताप, खोकला, अंगदुखी असेल आणि जोखमीचं काही नसेल, तर घरीच राहायचं. तपासणीही नको आणि विषाणूविरोधी औषधही नको. ताप खूप चढला आणि घसा फार धरला, किंवा आजारी माणूस जोखमीच्या यादीतला असेल, तर डॉक्टरांना दाखवून ऑसेल्टामिवीर, म्हणजे लोकांच्या तोंडी बसलेलं टॅमिफ्लू, घ्यायचं. हे औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर सर्वांत चांगलं काम करतं, म्हणून जोखमीच्या रुग्णानं तपासणीच्या निकालाची वाट बघत बसू नये. आणि तिसरा गट: धाप लागणं, छातीत दुखणं, ग्लानी, रक्तदाब उतरणं, थुंकीत रक्त, नखं किंवा ओठ निळसर पडणं. यातलं काहीही दिसलं की विचार करत न बसता रुग्णालय. ऑक्सिमीटरचा आकडा ९४ च्या खाली राहत असेल तरीही तेच. लहान मूल दूध घेईना, त्याच्या बरगड्या श्वासासोबत आत ओढल्या जाऊ लागल्या, ते हाक मारून डोळे उघडेना, तर एक तासही दवडू नये.

वहीचा खरा उपयोग पाचव्या-सहाव्या दिवशी कळतो. ताप उतरलेला असतो, भूक लागू लागलेली असते, घरचे निर्धास्त होतात, आणि अचानक पुन्हा ताप चढतो, खोकला वाढतो, बेडका पिवळा पडतो. फ्लूमागून येणारा न्यूमोनिया असा येतो. १९१८ मध्ये यानंच माणसं नेली. आज त्यावर औषध आहे, पण उतरून पुन्हा चढलेला ताप हा इशारा आहे, हे ओळखलं तरच. पॅरासिटामॉल न घेता पूर्ण चोवीस तास ताप आला नाही, की मगच बाहेर पडावं, आणि पुढचे काही दिवस मास्क लावावा.

हात साबणानं धुतले की या विषाणूवरचं स्निग्ध आवरण फुटतं आणि तो निकामी होतो. त्यासाठी महागडा साबण लागत नाही, वीस सेकंद मात्र लागतात. निलगिरीच्या वासानं चोंदलेलं नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, पण विषाणू त्यानं अडत नाही. २००९ मध्ये पुण्यात कापूर आणि वेलचीची पुरचुंडी करून गळ्यात, खिशात बाळगायची लाट आली होती आणि आयांनी मुलांच्या दप्तरांत त्या ठेवल्या होत्या. त्या मायेबद्दल मला आदरच आहे. फक्त त्या पुरचुंडीच्या भरवशावर तापलेल्या मुलाला शाळेत पाठवलं जाऊ नये.

लस हा घरी करायच्या तयारीतला सर्वांत सोपा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग. महाराष्ट्रात फ्लूचा मोठा हंगाम पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबरात येतो. दुसरा, लहानसा उमाळा थंडीच्या अखेरीस असतो. लस घेतल्यावर संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. म्हणून आपल्याकडं ती मे महिन्यात, पावसाआधी घ्यावी. विषाणू बदलतो तशी लसही बदलते, त्यामुळे ती दरवर्षी घ्यावी लागते. ती घेऊनही फ्लू होऊ शकतो, पण तो रुग्णालयापर्यंत नेण्याची शक्यता कमी होते. २०१५ पासून राज्य सरकारनं गरोदर स्त्रिया आणि जोखमीच्या रुग्णांना ही लस मोफत द्यायला सुरुवात केली. जवळच्या सरकारी दवाखान्यात चौकशी करायला हवी. नवी महासाथ आली तर तिच्यावरची लस यायला मात्र महिने लागतात. २००९ च्या विषाणूवर पुण्याच्याच सीरम इन्स्टिट्यूटनं नाकात फवारायची लस काढली, ती जुलै २०१० मध्ये बाजारात आली. तोवर साथीचा मोठा भर ओसरला होता. त्या मधल्या काळात माणसाच्या हाती असतात ते मास्क, उघडी खिडकी आणि घरी थांबणं.

मग पुन्हा तोच प्रश्न. घरी कोण थांबू शकतं? महिन्याचा पगार खात्यात पडणारा माणूस थांबतो. चार घरची धुणीभांडी करणारी बाई थांबली तर तिचा पगार कापला जातो, कधी कामच सुटतं. हमाल, रिक्षावाले, बांधकामावरचे मजूर, सोसायटीचा रखवालदार, डिलिव्हरी देणारी पोरं, या सगळ्यांचं हातावर पोट. ऊसतोडीच्या टोळीत तर उचल आधीच घेतलेली असते. आजारपणानं खाडा पडला की मजुरी बुडतेच, वर त्याची भरपाईही अंगावर येते. ताप असताना थंडीत पहाटे कोयता घेऊन फडात जाणारी बाई आडमुठी नसते. तिला दुसरा मार्ग ठेवलेला नसतो. तिला हात धुण्याचं महत्त्व सांगणारं भित्तिपत्रक छापून साथ थांबत नाही. खाड्याचे पैसे माफ केले तर थांबायला मदत होते.

म्हणून सोसायटीच्या, वाडीच्या, गावच्या पातळीवर आधीच ठरवून ठेवण्याच्या गोष्टी आहेत आणि त्या फार अवघड नाहीत. कामवाल्या ताईंना ताप आला तर आठवडाभराची भरपगारी रजा, ही बाब सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत ठराव म्हणून मांडता येते. एकेकट्या घरानं उदारपणा दाखवण्यापेक्षा सगळ्यांनी मिळून ठरवलेलं टिकतं. रखवालदाराच्या जागी बदली माणूस कोण, हे आधी ठरलेलं असलं की तो बिचारा खोकत फाटकावर बसत नाही. इमारतीत एकटे राहणारे वृद्ध कोण, कुणाची मुलं परदेशी आहेत, डायलिसिसवर कोण, गरोदर कोण, याची यादी प्रत्येक मजल्यावर एकाकडं असावी, आणि साथीच्या दिवसांत त्यानं सकाळ-संध्याकाळ फोन करावा. दाराबाहेर डबा आणि औषधं ठेवणारी दोन-चार तरुण मुलं प्रत्येक गल्लीत मिळतात. गणेशोत्सवात आठवडाभर रात्री जागवणाऱ्या मंडळांकडं माणसं आहेत, वर्गणीचा हिशेब आहे, घराघराची ओळख आहे. साथीसाठी याहून तयार यंत्रणा शोधून सापडणार नाही. कोविडमध्ये अनेक मंडळांनी ते करून दाखवलं.

शाळा बंद केल्या की गरीब घरातल्या मुलाचं दुपारचं जेवणही बंद होतं, हे विसरता कामा नये. शाळा बंद करण्याचा आदेश निघेल त्याच दिवशी शिधा घरपोच देण्याचा आदेशही निघायला हवा. आशाताई आणि अंगणवाडी सेविकांना दारोदार पाठवताना त्यांना मास्क आणि लस सर्वांत आधी मिळाली पाहिजे. त्यांच्या हाती वही आणि थर्मामीटर देऊन बाकी सगळं त्यांच्या सेवाभावावर सोडणं अन्याय आहे.

आणि विश्वास. १८९७ च्या प्लेगात ब्रिटिश प्लेग अधिकारी रँड याच्या हुकमाखाली गोरे सैनिक पुण्याच्या घराघरांत शिरले, माणसांना ओढून छावण्यांत नेलं, सामान जाळलं. परिणाम असा झाला की लोक आजारी माणूस लपवू लागले. २२ जूनला चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या, हा इतिहास सर्वांना माहीत असतो. त्याच वर्षी त्याच पुण्याजवळ सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत यांनी प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना चालवला. तिथं माणसं आणली जात होती, लपवली जात नव्हती. ती सेवा करताना सावित्रीबाईंना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. रोगाची खबर मिळायची असेल, तर खबर देणाऱ्याला शिक्षेची भीती नको, हे त्या एका वर्षानं दोन्ही बाजूंनी दाखवून दिलं. प्लेगाच्या वेळी केलेला साथरोग कायदाच २००९ मध्ये पुण्यात वापरला गेला, पण या वेळी तो शहरात तपासणी केंद्रं उघडण्यासाठी. आपल्या पातळीवरही हेच लागू आहे. ज्या घरात ताप आहे त्याचं नाव सोसायटीच्या व्हॉट्सॲपवर टाकणं, त्याचं पाणी-दूध अडवणं, याचा परिणाम एकच होतो: पुढचा माणूस ताप लपवतो आणि लिफ्टमध्ये आपल्या शेजारी उभा राहतो.

पुढची महासाथ कुठून येईल, यावर शास्त्रज्ञांची नजर सध्या पक्ष्यांच्या फ्लूवर आहे. एच५एन१ हा विषाणू २०२४ पासून अमेरिकेतल्या दुभत्या गाईंतही पसरल्याचं आढळलं. माणसाकडून माणसाकडं तो सहज जात नाही, पण जनुकांच्या त्या आठ तुकड्यांची सरमिसळ कधीही होऊ शकते. भारतात तो कोंबड्यांमध्ये पहिल्यांदा सापडला तो महाराष्ट्रातच, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला, फेब्रुवारी २००६ मध्ये. लाखो कोंबड्या माराव्या लागल्या, पोल्ट्रीवाले बुडाले. अशा वेळी सरकार मारलेल्या निरोगी पक्ष्यांची भरपाई देतं. रोगानं आधीच मेलेल्यांची देत नाही. त्यामुळे खबर लवकर देण्यात पोल्ट्रीवाल्याचाही फायदा आहे, पण ती रक्कम वेळेवर आणि पुरेशी मिळेल याची खात्री असली तरच तो पहिल्याच दिवशी फोन उचलतो. परसात किंवा शेडमध्ये एकाएकी बऱ्याच कोंबड्या मान टाकू लागल्या, किंवा तळ्याकाठी कावळे, बगळे मरून पडलेले दिसले, तर त्यांना उघड्या हातानं उचलू नये, खड्ड्यात परस्पर पुरू नये, आजारी कोंबडी घाईनं कापून खाऊ नये. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावं, मुलांना त्या जागेपासून लांब ठेवावं, आणि त्या शेडमध्ये काम केलेल्या कुणालाही पुढच्या दहा दिवसांत ताप आला, तर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात कोंबड्यांबद्दल सांगावं.